ओलीवरचे अन्न : कोरड्या मुलखातील प्रथिनांचा प्रश्न

१

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोहोचली, तेव्हा दहा वाघिणींत मिळून आलेले पाच लाख लिटर पाणी आणि त्यासाठी झालेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास यांची चर्चा देशभर झाली. परंतु ज्या शहराला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, ते शहर तुरीच्या डाळीची देशातील एक मोठी पेठ आहे, त्याच्या डाळ गिरण्यांतून निघालेली डाळ दूरदूरच्या प्रांतांतील चुलींवर शिजते, आणि त्याच्याच भोवतालच्या शिवारात, जेथे मांजरेचे पाणी पोहोचते तेथे, उसाचे फड डोलत असतात, या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून त्यांचा परस्परसंबंध पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. हवामान उत्तरोत्तर कोरडे आणि लहरी होत असता माणसाने आपल्या शरीराला लागणारी प्रथिने कोठून मिळवावीत, या प्रश्नाचा विचार तुरीची डाळ, उसाचा फड आणि पाण्याची गाडी यांच्या या शेजारापासूनच आरंभावा, असे मला वाटते.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न बहुधा ‘मांसाऐवजी काय खावे’ अशा स्वरूपात विचारला जातो, कारण तेथील जेवणात मांस रोजचे असते. दख्खनच्या पर्जन्यछायेत, म्हणजे माण-खटाव, जत-आटपाडी, सांगोला, कर्जत-जामखेड, आष्टी-पाटोदा, परांडा-भूम अशा तालुक्यांत, मांस हे आठवड्या-पंधरवड्याचे, जत्रेचे वा पाहुण्याच्या आगमनाचे अन्न होते. पोटाला रोजचा आधार भाकरीचा आणि कडधान्याचा. आता येथेही मांस, अंडी आणि दूध यांची मागणी वाढत आहे, ती वाढणे स्वाभाविकही आहे, आणि त्याच वेळी त्यांच्या उत्पादनाला लागणारे पाणी मात्र भरवशाचे राहिलेले नाही. मांसाहार धर्म्य की अधर्म्य, हा वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. ज्याला जे रुचते आणि पचते ते त्याने खावे. येथे विचार करावयाचा आहे तो इतकाच की, ज्या मुलखात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास आणि तोही खंड पाडून पडतो, त्या मुलखाला स्वतःच्या ओलीवर पुरेशी प्रथिने पिकवता येतील काय, आणि येत असतील तर ती आज लोकांच्या ताटात का नाहीत.

२

शेतीला लागणारे पाणी दोन प्रकारचे असते. एक पावसाचे, जे जमिनीत मुरून ओलीच्या रूपाने टिकते आणि पिकाच्या मुळांवाटे वर चढते. दुसरे धरण, कालवा, विहीर किंवा कूपनलिका यांतून उचलून आणलेले. शास्त्रज्ञ पहिल्यास हिरवे आणि दुसऱ्यास निळे पाणी म्हणतात. आपल्या महसुली दप्तरात हाच भेद जिराईत आणि बागाईत या दोन शब्दांनी फार पूर्वीपासून नोंदला जात आला आहे. अन्नाचा पाण्याशी हिशेब मांडताना हा भेद दृष्टीआड झाला की निष्कर्ष फसवे निघतात.

नेदरलंड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे हुकस्ट्रा आणि मेकोनेन यांनी जगातील निरनिराळ्या अन्नपदार्थांच्या उत्पादनास लागणाऱ्या पाण्याचा जो मोठा ताळेबंद मांडला, त्यानुसार १ ग्रॅम प्रथिनामागे जागतिक सरासरीने कडधान्यांना १९ लिटर, अंड्यांना २९, दुधाला ३१, कोंबडीच्या मांसाला ३४, शेळी-मेंढीच्या मांसाला ६३ आणि गोमांसाला ११२ लिटर पाणी लागते. या आकड्यांत जिराईत आणि बागाईत दोन्ही पाणी एकत्र धरलेले आहे. केवळ एवढ्यावरून निवाडा द्यावयाचा तर शेळी ही कोंबडीपेक्षा उधळी ठरेल. पण माणदेशातील खडकाळ माळावर बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि कुसळी गवत खाऊन वाढणारी शेळी जे पाणी ‘वापरते’, ते त्या माळावर पडलेल्या पावसाचे असते, आणि त्या माळावर नांगर चालत नसल्यामुळे त्या पाण्यातून दुसरे कोणतेही अन्न निपजले नसते. उलट सोयाबीनची पेंड आणि मका यांवर पोसलेली कोंबडी, किंवा भर उन्हाळ्यात कूपनलिकेच्या पाण्यावर वाढवलेल्या लसूणघासावर दूध देणारी संकरित गाय, ही हिशेबाच्या वहीत काटकसरी दिसली तरी कोरड्या मुलखाच्या शिल्लक पाण्यातूनच खर्च करीत असते.

म्हणून उस्मानाबादी शेळी, माडग्याळ आणि दख्खनी मेंढी, आणि त्यांच्यामागे वर्षाचे कित्येक महिने चालणारा धनगर यांना या प्रश्नात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. मेंढरे शेतात बसवून मिळणारे खत, माळावरच्या पाल्याचे मांसात आणि दुधात होणारे रूपांतर, आणि दुष्काळात विकून चार पैसे उभे करता येणारे चालते-बोलते भांडवल, ही या पशुपालनाची देणगी मोठी आहे. परंतु माळाला पेलणारी जनावरे मोजकी असतात. त्याहून अधिक चरली तर गवत मुळासकट जाते, माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. शेळी-मेंढीचे मांस हे कोरड्या मुलखाचे न्याय्य पण मर्यादित उत्पन्न आहे. वाढत्या लोकसंख्येच्या रोजच्या प्रथिनांचा भार त्यावर टाकता येणार नाही. तो भार ज्यांच्या खांद्यावर आजवर होता, त्या कडधान्यांकडेच पुन्हा वळावे लागते.

३

कोरडवाहू कडधान्यांत पहिला मान हरभऱ्याचा. पावसाळा सरला, काळ्या जमिनीच्या पोटात ओल साठली, आणि वर ऊन पडू लागले, की हरभऱ्याची पेरणी होते. त्यानंतर पाऊस पडला नाही तरी हे पीक खोल मुळे सोडून त्या ओलीवर थंडीचे दिवस काढते. ओल हळूहळू खाली सरकत जाते आणि मुळे तिच्या मागोमाग जातात. अडचण येते ती शेवटी, दाणा भरण्याच्या वेळी ओल संपल्यावर आणि ऊन तापू लागल्यावर. म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेले ‘विजय’ आणि ‘दिग्विजय’ यांसारखे वाण, जे ओल सरण्यापूर्वी पक्व होण्याकडे कल ठेवतात, जिराईत शेतकऱ्याला पसंत पडले.

या पिकाचे एक रूप जवळून पाहण्यासारखे आहे. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते आणि तिच्यातून मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले पाझरतात. पहाटेच्या दवात ती मिसळतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायांना चुरचुर लागते. पूर्वी घरातील बाया संध्याकाळी स्वच्छ पांढरे फडके या पिकावर अंथरून ठेवीत, आणि दवाने भिजलेले ते फडके पहाटे भांड्यात पिळून घेत. ही हरभऱ्याची ‘आंब’. पोटदुखीवर आणि अपचनावर ती औषध म्हणून बाटलीत भरून ठेवली जाई. ज्या शेताला पेरणीनंतर एक थेंब पाणी दिलेले नाही, त्याच शेतातून पहाटे वाटीभर औषध पिळून घेणारी ही स्त्री त्या पिकाशी किती बारकाईने परिचित होती, याचा विचार मनात आला की आपल्या आजच्या अज्ञानाची खंत वाटते.

तुरीचा स्वभाव निराळा. ती पावसाळ्याच्या आरंभी बाजरी, कापूस किंवा सोयाबीन यांच्या ओळींमधून पेरली जाते, शेजारचे पीक निघून जाईपर्यंत हात राखून वाढते, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत फोफावून थंडीत शेंगांवर येते. तिची मुळे खोल जातात. जमिनीत लोहाशी जखडून बसलेले आणि इतर पिकांना न मिळणारे स्फुरद ती आपल्या मुळांतून स्रवणाऱ्या आम्लांच्या साहाय्याने मोकळे करते, हे पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात, गळलेला पाला जमिनीला खत होतो, आणि उरलेल्या तुराट्या कुडाला व चुलीला उपयोगी पडतात. मर आणि वांझ या दोन रोगांनी, आणि फुलोऱ्यात धुई आली की होणाऱ्या फुलगळीने, तिला वारंवार गांजले आहे. त्यांपैकी मर रोगावर आशा आणि मारुती यांसारख्या प्रतिकारक वाणांनी काही उपाय केला, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या ‘बीडीएन ७११’ सारख्या लवकर येणाऱ्या वाणाने मराठवाड्याच्या मध्यम जमिनीतील शेतकऱ्याला शेवटच्या कोरड्या महिन्यांतून सोडवले.

मटकी आणि हुलगा यांची थोरवी याहूनही खालच्या पायरीवर, म्हणजे जेथे हरभरा आणि तूर दोन्ही हात टेकतात तेथे, कळून येते. मटकीचा वेल जमिनीवर चटईसारखा पसरतो, उन्हापासून मातीची ओल झाकून ठेवतो आणि वाऱ्याने उडू पाहणारी हलकी माती धरून ठेवतो. राजस्थानच्या वाळवंटी जिल्ह्यांत ती मुख्य पीक म्हणून उभी आहे ती याच गुणावर. हुलगा, ज्याला कोकणात कुळीथ म्हणतात, तो मुरमाड जमिनीतही येतो. जून-जुलैचा पाऊस रुसला, बाजरी पेरायची वेळ टळून गेली, आणि ऑगस्टमध्ये कोठे एखादी सर आली, तर आपत्कालीन पीक म्हणून शेतकी खाते ज्या थोड्या पिकांची शिफारस करते, त्यांत हुलग्याचे नाव असते. या पिकाच्या दोन वाणांना ‘माण’ आणि ‘सीना’ अशी दुष्काळी मुलखातील नद्यांची नावे दिलेली आहेत. ज्यांच्या पात्रांत वर्षाचा बराच काळ पाणी नसते, त्या नद्यांची नावे याच पिकाला शोभतात.

या बाबतीत दख्खन एकटे नाही. उत्तर अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातील तोहोनो ओओधाम लोकांनी टेपरी नावाचा घेवडा एखाद-दुसऱ्या वळवाच्या पुरावर पिकवून त्यावर शतके काढली. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात चवळी आणि जमिनीत शेंगा धरणारा बांबारा यांनी तेच कार्य केले. जेथे जेथे कोरड्या मुलखात माणूस दीर्घकाळ टिकला, तेथे तेथे त्याच्या सोबतीला एखादे काटक कडधान्य उभे असलेले दिसते.

४

परंतु पीक शेतात येणे आणि प्रथिन शरीरात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तूर, हरभरा, मटकी, हुलगा यांच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे वजनास वजन ती मटणाच्या बरोबरीची आहेत. हा हिशेब कोरड्या दाण्याचा असतो. शिजवताना डाळ पाणी पिते, आणि चमचाभर डाळीत तांब्याभर पाणी घालून केलेल्या आमटीने कोणाचेही पोषण होत नाही. दुसरे असे की, प्रथिन हे अनेक अमिनो आम्लांचे बनलेले असते. कडधान्यांत लायसिन मुबलक पण मेथिओनिन कमी, तर ज्वारी-बाजरीत लायसिन कमी पण मेथिओनिन त्यामानाने बरे. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. तीळ आणि कारळे यांत मेथिओनिन विशेष असते. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि कारळ्याची चटणी असे जे ताट पिढ्यान्‌पिढ्या वाढले गेले, त्यात हा मेळ अनुभवाने आधीच साधला गेला होता; प्रयोगशाळेने त्यावर नंतर मोहोर उठवली.

कडधान्यांत टॅनिन, फायटिक आम्ल आणि पचनास अडथळा करणारी काही द्रव्येही असतात. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, भाजणे या ज्या क्रिया आपल्या स्वयंपाकघरांत शिरस्त्याने चालतात, त्या या द्रव्यांचे प्रमाण कमी करतात. रात्री पाण्यात भिजत घातलेली मटकी सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी फडक्याच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर डोकावू लागले, की तिचे लोह शरीराला अधिक सुलभ होते आणि मूळच्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्वही तिच्यात उत्पन्न होते. हुलग्याची रीत वेगळी. भाजून दळलेल्या हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, ठेचलेला लसूण, जिरे आणि तिखट घालून ते घट्ट मळावे, तळहातांवर वळून त्याची बोटाएवढी वेटोळी करावीत, आणि फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात ती सोडून रटरटू द्यावीत, हे शेंगोळे. वेटोळी शिजता शिजता पाण्याला दाटपणा येतो, आणि थंडीच्या रात्री कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी या एका पातेल्यावर सर्वांचे जेवण होते. आजारातून उठलेल्याला हुलग्याचे माडगे देतात, तेही याच विश्वासाने.

या प्रश्नाच्या इतिहासात एका मराठी माणसाचे नाव आदराने घेतले पाहिजे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट कोसळत असल्याचा इशारा दिला आणि प्रथिनयुक्त नवनव्या पदार्थांच्या योजना सर्वत्र सुरू झाल्या. त्या काळात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आकडेवारीच्या आधारे असे प्रतिपादन केले की, धान्य आणि कडधान्य यांचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातच भागते. उपासमार असते ती मुख्यतः एकंदर अन्नाची. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याच दिशेने कठोर टीका केली आणि प्रथिन-संकटाचा तो डोलारा ढासळला. आजच्या हिशेबानेही हे पडताळून पाहता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात; ४०० ग्रॅम ज्वारी-बाजरीतून ४० ग्रॅमांच्या वर आणि ६० ग्रॅम कडधान्यांतून आणखी १३ ग्रॅम मिळतात.

हे प्रतिपादन मान्य करतानाही त्याच्या दोन मर्यादा ध्यानी ठेवाव्यात. दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते, त्यात पुरेशी भाकरी-आमटी मावत नाही; आणि बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. त्यामुळे लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी दूध, अंडे किंवा क्वचित मटणाचा तुकडा यांचे मोल फार आहे, आणि कोरड्या मुलखाच्या मोजक्या पशुधनातून जे निपजते त्यावर पहिला हक्क त्यांचा असला पाहिजे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली; हा आकडा या राज्याला स्वस्थ बसू देणारा नाही.

हवेतील वाढत्या कर्बवायूने या प्रश्नाला आणखी एक बाजू जोडली आहे. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, या शतकाच्या मध्यास अपेक्षित असलेल्या कर्बवायूच्या प्रमाणात वाढवलेल्या गव्हातील प्रथिने सुमारे ६ टक्क्यांनी आणि भातातील सुमारे ८ टक्क्यांनी घटलेली दिसली. हवेतील नत्र स्वतः बांधणाऱ्या द्विदल पिकांत प्रथिनांची ही घट फारशी आढळली नाही, आणि ज्वारीसारख्या पिकांवरही परिणाम कमी दिसला. ज्या पिकांना आपण ‘भरड’ आणि ‘गरिबाची’ म्हणून मागे सारले, तीच उद्याच्या हवेत आपला कस राखतील, असा याचा अर्थ होतो.

५

येथवर काटक पिकांचे गुण सांगितले. पण काटकपणाच हा एकमेव निकष मानला तर काय घडते, याचा भयंकर दाखला लाख या कडधान्याने देऊन ठेवला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत उभ्या धानात, बांध्यांतील ओलीवर, लाख किंवा लाखोळी फेकून पेरतात. दुष्काळातही ती उभी राहते आणि अतिवृष्टीतही, आणि तिच्यात प्रथिनेही भरपूर असतात. परंतु तिच्यात ओडॅप नावाचे एक विषारी अमिनो आम्ल असते, आणि आहाराचा तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक लाखच असा काळ दोन-तीन महिने चालला, तर काही माणसांचे कमरेखालचे अवयव कायमचे ताठून जातात. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रदेशातील सागरच्या बाजूला १८३० च्या दशकात हे पाहिले आणि लिहून ठेवले: गव्हाची पिके लागोपाठ बुडाली, शेतांत लाख तेवढी उरली, लोकांनी तीच खाल्ली, आणि गावोगावची तरुण माणसे पायांनी अधू झाली. पुढे सालगड्यांना मजुरी म्हणून लाख देण्याचा प्रघात कित्येक ठिकाणी होता. म्हणजे गहू-तांदूळ मालकाच्या कणगीत आणि पांगळेपण मजुराच्या वाट्यास.

१९६१ मध्ये केंद्र सरकारने लाखेच्या विक्रीवर बंदी घातली. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते विषद्रव्य वेगळे केले. त्यानंतर ‘प्रतीक’, ‘रतन’ यांसारखे अल्पविषारी वाण निघाले, आणि गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो हेही सिद्ध झाले. थोड्या प्रमाणात, इतर अन्नाबरोबर लाख खाणाऱ्यास अपाय होत नाही, या अनुभवाचा आधार घेऊन महाराष्ट्राने पुढे आपल्यापुरती ही बंदी उठवली. या साऱ्या इतिहासातून मी एकच बोध घेतो. ज्या माणसाजवळ दुसरे काही खायला उरत नाही, त्याच्या हाती दिलेले एकमेव अन्न, मग ते कितीही पौष्टिक आणि कितीही दुष्काळसह असो, त्याचा आज ना उद्या घात करते. कोरड्या मुलखाला मांसाचा एक पर्याय देऊन भागणार नाही. त्याला पाच-सहा पिकांचा आणि दोन-तीन जनावरांचा मेळ हवा.

६

हा बोध मनात ठेवून नव्या पर्यायांकडे पाहिले म्हणजे त्यांची योग्य जागा कळते. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि महाराष्ट्र हे त्याचे एक अग्रगण्य उत्पादक राज्य आहे. पण त्याचे तेल काढल्यावर उरणारी प्रथिनसंपन्न पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत जाते, माणसाच्या ताटात सोयावडीच्या रूपाने अल्प अंश येतो. शिवाय त्याच्या विस्तारापुढे खरिपातील ज्वारी, मूग, उडीद मागे हटले, आणि शेंगा भरताना पावसाने ओढ दिली तर हे पीक तग धरीत नाही.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भुईमुगाच्या पेंडीचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे एक भाग मिसळून ‘बहुउद्देशीय अन्न’ बनवले होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी नावाचे तयार अन्न वाटले गेले, तिची आठवण त्या पिढीच्या लोकांत अजून आहे. औरंगाबादच्या तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात लसूणघासासारख्या हिरव्या पाल्यातून प्रथिन काढण्याचे संशोधन बराच काळ चालले. स्पिरुलिना हे सूक्ष्म शैवाल बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात आपोआप वाढते, आणि आफ्रिकेतील चाड सरोवराच्या काठचे लोक ते वाळवून खातात. धिंगरी अळंबी सोयाबीनच्या वा गव्हाच्या काडावर, झोपडीच्या सावलीत, थोड्या पाण्यात घेता येते. शेवग्याचा पाला दारच्या झाडावरून रोज मिळतो. यांपैकी प्रत्येकाचा उपयोग आहे, पण भाकरीची जागा घेणारा यांत कोणी नाही. जोडीला येणारे, उणीव भरणारे असे त्यांचे स्थान आहे.

प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेले मांस २०१३ मध्ये लंडनमध्ये प्रथम चाखले गेले आणि २०२० मध्ये सिंगापूरने त्याच्या विक्रीस परवानगी दिली. वाटाणा आणि सोयाबीन यांच्या प्रथिनांपासून मांसासारखे पदार्थ बनवणारे कारखानेही निघाले आहेत. ज्या देशांत माणशी मांस पुष्कळ खाल्ले जाते, तेथे ते कमी करण्यास हे उपाय साहाय्यभूत होतील. परंतु आटपाडीच्या शेतकऱ्याकडून कडधान्य स्वस्तात घेऊन, त्यातले प्रथिन वेगळे काढून, महाग वेष्टनात त्यालाच परत विकण्याची व्यवस्था जर त्यातून उभी राहणार असेल, तर तिने या मुलखाचे काही भले होणार नाही.

७

मग इतकी गुणी पिके असता ती मागे का पडली? उत्तर सरकारी धोरणात आणि बाजारात आहे. हरितक्रांतीने गहू आणि भात यांना संशोधन, पाणी, खत आणि हमखास खरेदी या चारही गोष्टी पुरवल्या; कडधान्ये उरल्यासुरल्या हलक्या जमिनीत ढकलली गेली. देशात माणशी रोजची कडधान्यांची उपलब्धता १९६१ साली ६९ ग्रॅम होती, ती २००१ मध्ये ३० ग्रॅमांवर आली. त्यानंतर थोडी सुधारली, ती बरीचशी आयातीच्या बळावर. इकडे महाराष्ट्रात लागवडीखालील जमिनीच्या थोड्या टक्क्यांत असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा घेतो. वार्षिक पाऊस १००० मिलिमीटरांपेक्षा कमी असेल तेथे ऊस घेऊ नये, अशी शिफारस माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये केली होती. ती दप्तरात राहिली, आणि सतरा वर्षांनी मिरजेची गाडी लातूरला आली.

शेतकऱ्याने ऊस का लावावा, हे समजून घेणे कठीण नाही: त्याचा भाव ठरलेला असतो आणि घेणारा कारखाना निश्चित असतो. तुरीचे तसे नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. सरकारने मोझांबिकशी आयातीचा करार केला आणि शेतकऱ्यांना तूर पेरण्याचे आवाहन केले. शेतकऱ्यांनी ते मनावर घेतले, पाऊसही बरा झाला, २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले, आणि क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव जाहीर असता बाजारात तूर ४००० च्या खाली उतरली. खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या राशींवर रात्री काढणारे शेतकरी, बारदाना संपला म्हणून थांबलेली मापे, आणि टोकन हाती घेऊन दिवसेंदिवस उभ्या असलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर, हे दृश्य त्या वर्षी मराठवाड्याने आणि विदर्भाने पाहिले. सरकारच्या शब्दावर कोरड्या जमिनीत प्रथिने पिकवणाऱ्याला मिळालेले हे बक्षीस होते. पुढे डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्काविना आयात होऊ लागला, तेव्हा हरभऱ्याच्या उत्पादकाला तीच धास्ती पडली.

शिधावाटपाची स्थिती याहून वेगळी नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गहू, तांदूळ आणि भरड धान्ये यांचा हक्क दिला. डाळीचा दिला नाही. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर आणि पामतेल यांच्यासोबत किलोभर चणाडाळ दिली, तेव्हा सणापुरती तरी डाळ शिधापत्रिकेवर आली. सणाला जे शक्य झाले ते दरमहा का शक्य होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

८

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात मांडतो. कोरड्या मुलखातील प्रथिनांचा प्रश्न हा मुळात पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आहे. ओलीवर येणारी कडधान्ये, त्यांना जोड देणारी ज्वारी-बाजरी आणि तेलबिया, माळावर पोसणारी मोजकी शेळी-मेंढी, आणि मुले व माता यांच्यासाठी राखलेले दूध व अंडे, एवढ्या सामग्रीवर हा मुलूख आपले पोषण करू शकतो. त्यासाठी परदेशातून नवा पदार्थ येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उणीव आहे ती हुलगा-मटकीसारख्या उपेक्षित पिकांवरील संशोधनाची, गावपातळीवर शुद्ध बियाणे मिळण्याची, हरभऱ्याला आणि तुरीला ऐन वेळी एक संरक्षित पाणी देण्याची, आणि पेरणीपूर्वी जाहीर केलेला भाव काढणीनंतर प्रामाणिकपणे देण्याची. एका उसाच्या फडाला वर्षभर लागणाऱ्या पाण्यात हरभऱ्याच्या कित्येक पट क्षेत्राला ते एक पाणी देता येते.

यातील पहिले पाऊल सर्वांत सोपे आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हमीभावाने विकत घेतलेली तूर, हरभरा, मटकी आणि हुलगा जिल्ह्यातल्याच शिधावाटप दुकानांत, शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या कोठारांत जाऊ द्यावीत. असे झाले तर परांड्याच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक त्याच्याच गावात मिळेल, त्याच्या मुलाच्या ताटातील आमटी दाट होईल, आणि मुरमाड रानात उशिराच्या सरीवर हुलगा पेरणाऱ्याला आपण नाइलाजाचे पीक पेरीत आहोत असे वाटणार नाही. मांजरेच्या खोऱ्यात पुन्हा कधी पावसाने पाठ फिरवलीच, तर निदान त्या खोऱ्याच्या कणग्यांत ओलीवर पिकलेले अन्न असेल. आणि अन्नापुरते तरी त्याला कोणत्याही गाडीची वाट पाहावी लागणार नाही.